तीन प्रश्नांचे जीवशास्त्र : प्रस्तावना

वडाच्या झाडाचे एवढे लाकूड येते कुठून? आठवीपासून बारावीपर्यंत कोणत्याही वर्गात हा प्रश्न टाकला, की बहुतेकांचे उत्तर एकच असते : मातीतून. मुळे मातीत असतात, खत मातीला घालतात, झाड मातीतून वर येते, तेव्हा लाकूडही मातीतूनच येत असणार. हा विचार अगदी स्वाभाविक आहे. फक्त तो कुणी मोजून पाहिलेला नसतो.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांनी मोजून पाहिले. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्यांनी एका कुंडीत भरली आणि तिच्यात वाळुंजाच्या जातीचे ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. शेवटी झाड भरले सुमारे १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी घटली होती. आपल्या मापात सांगायचे तर झाड जवळपास ७४ किलोंनी वाढले आणि मातीतून ६० ग्रॅमसुद्धा गेले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हा प्रयोग छापून आला. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तो अर्धाच बरोबर होता. उरलेले अर्धे उत्तर यायला दीडशे वर्षे लागली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी झाडाच्या हिरव्या भागांना उजेड लागतो हे दाखवले आणि १८०४ मध्ये निकोला द सोस्यूर यांनी वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही वापरतात, हे वजनांनिशी मांडले. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो आणि तो कार्बन हवेतला असतो. ज्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, त्या हवेतून वडाचे खोड उभे राहते.

हा प्रयोग पहिल्याच पानावर सांगण्याचे कारण असे, की या पुस्तकाला जे म्हणायचे आहे ते सगळे त्यात आहे. लाकडाचा हा प्रश्न जीवशास्त्राच्या नेमक्या कोणत्या प्रकरणात बसवायचा? तो पानातल्या हरितलवकाचा आहे. मुळांनी ओढलेल्या पाण्याचा आहे. खोडाच्या वाहक ऊतींचा आहे. आणि ते झाड पुढे जळले किंवा कुजले की त्यातला कार्बन जातो कुठे, याचाही आहे. शाळेत आपण या एकाच गोष्टीचे चार तुकडे करतो आणि चार वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. मुलांच्या हाती उरतात त्या नावांच्या याद्या : पेशीअंगकांची, ऊतींच्या प्रकारांची, पचनसंस्थेच्या अवयवांची, अन्नसाखळीच्या टप्प्यांची. परीक्षा संपली की याद्या पुसल्या जातात. याचा दोष मुलांच्या स्मरणशक्तीला देता येत नाही, कारण ज्या धाग्याने त्या याद्या लक्षात राहिल्या असत्या तो धागाच आपण त्यांच्या हाती दिलेला नसतो.

सजीव सृष्टी पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेली आहे. रेणू, पेशी, ऊती, अवयव, सजीव, एकाच जातीच्या सजीवांचा समूह, अनेक जातींचे सहवासी जीवन आणि शेवटी माती-पाणी-हवेसकट सगळी परिसंस्था. या क्रमाने बहुतेक पाठ्यपुस्तके लिहिली जातात आणि हेही तसेच लिहिले आहे. मात्र इथे वाचकाने प्रत्येक पायरीवर थांबून तीन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला : हे घडते कसे? याचे उत्तर खालच्या पायरीवर मिळते. दुसरा : हे घडल्यामुळे पुढे काय होते? त्यासाठी वरच्या पायरीवर जावे लागते. आणि तिसरा : हे असे आले कुठून? याचे उत्तर त्या सजीवाच्या वंशाच्या इतिहासात, म्हणजे उत्क्रांतीत असते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हेच तीन प्रश्न पुन्हा येतील. ते विचारायची सवय लागली, तर बाकीचे तपशील पुस्तक उघडून केव्हाही पाहता येतात.

पुस्तकाची सुरुवात पेशीपासून आहे. १६६५ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. जिवंत, हलणारे, एकाच पेशीचे जीव पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने, स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून. १६७६ मध्ये त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांबद्दल सांगितले, की ही शरीरे पेशींचीच बनलेली असतात. १८५५ मध्ये फिर्को यांनी त्यात भर घातली, की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. ही सनावळी पाठ करायला सांगण्यात मला रस नाही. तुम्ही स्वतः एक पेशी नीट पाहावी, एवढाच माझा आग्रह आहे.

त्यासाठी लाल कांदा घ्या. जाड पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा नखाने अलगद सोलून काढा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात त्याचा छोटा तुकडा पसरा आणि वर आच्छादन काच ठेवा. सूक्ष्मदर्शकातून एकाला एक लागून असलेल्या लांबट पेशी दिसतील. प्रत्येकीत जांभळा रंग भिंतीपर्यंत काठोकाठ भरलेला असेल. आता आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते पाणी आत ओढून घ्या. डोळा भिंगावरून हलवू नका. थोड्याच वेळात जांभळा रंग भिंतीपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांतून, मग बाजूंनी, आणि पेशीच्या मधोमध आक्रसून गोळा होतो. भिंत जागच्या जागी राहते. भिंतीच्या आत एक अतिशय पातळ पटल आहे, ते पाणी सहज जाऊ देते आणि मीठ सहजासहजी जाऊ देत नाही, हे सांगायला आता व्याख्येची गरज उरत नाही. लगेच साधे पाणी घातले, तर रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरतो, कारण पेशी अजून जिवंत असते.

यालाच परासरण म्हणतात. आता दुसरा प्रश्न विचारून वर चढू या. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, ते याच कारणाने. लोणचे टिकते, कारण मीठ त्यात शिरणाऱ्या जंतूंच्या पेशींतलेही पाणी ओढून घेते. आणखी वर गेलो, तर आपण थेट शेतात पोचतो. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने भूजल वर आले. ते पाणी वाफ होऊन उडाले आणि क्षार मात्र वरच्या थरात साचत गेले. अशा क्षारपड जमिनीत ओल असूनही पीक कोमेजते, कारण मुळांच्या पेशींना बाहेरचे खारे पाणी आत ओढून घेता येत नाही. काचपट्टीवरच्या कांद्याचे जे झाले, तेच इथे एकरच्या एकर रानात होते. कांद्याचा पापुद्रा नीट पाहिलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘जास्त पाणी म्हणजे जास्त पीक’ हे गणित पुन्हा कधी पटणार नाही.

पेशी इतक्या लहान का असतात, हा प्रश्नही असाच वर-खाली घेऊन जातो. १ मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर आणि घनफळ १ घन मिलिमीटर. बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ होते २४ आणि घनफळ ८. म्हणजे आतल्या प्रत्येक घन मिलिमीटरच्या वाट्याला आधी ६ चौरस मिलिमीटर पृष्ठभाग होता, तो आता ३ राहिला. अन्न आणि ऑक्सिजन आत येणार आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जाणार ते पृष्ठभागावरूनच. म्हणून मोठे शरीर घडते ते पेशींची संख्या वाढून. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यांतल्या बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी असून त्यांचा व्यास आहे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. फुप्फुसातले वायुकोश, आतड्यातले उद्वर्ध, मुळांवरचे केस या सगळ्या रचना पृष्ठभाग वाढवण्यासाठीच्या आहेत. त्यांची नावे वेगवेगळ्या प्रकरणांत येतील, पण कारण हे एकच आहे.

पेशीला काम करायला ऊर्जा लागते आणि ती बहुतेक सगळीकडे एटीपी या रेणूच्या रूपात खर्च होते. स्नायूंतून हा रेणू १९२९ मध्ये ओळखला गेला, तो जर्मनीत कार्ल लोमान यांच्याकडून आणि अमेरिकेत सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडून. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. पण ऊर्जेच्या या प्रकरणात मला सर्वांत जवळचे वाटते ते काम कमला भागवत यांचे, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी यांचे. त्या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून दिला. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवले, की प्राण्यांच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. बटाटा आणि माणूस अन्नातली ऊर्जा सोडवायला एकच प्रथिन वापरतात! इथे तिसरा प्रश्न आपोआप येतो : हे आले कुठून? या प्रथिनात माणसात १०४ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने असतात. चिंपांझीत तो क्रम तंतोतंत तोच आहे. ऱ्हीसस माकडात एका ठिकाणी फरक आहे. नाते जितके लांबचे, तितके फरक वाढत जातात आणि यीस्टपर्यंत गेलो तरी साम्य पुरते संपत नाही. सर्व सजीवांचा वंश एक आहे, या विधानाचा पुरावा आपल्या प्रत्येक पेशीत लिहिलेला आहे.

आनुवंशिकतेच्या प्रकरणात मेंडेल येणारच. १८६६ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतले ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे गुणोत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला येते. पण सुरकुती पडते कशी? त्याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका विकराचे जनुक मध्येच डीएनएचा एक तुकडा घुसल्याने बिघडलेले असते. त्यामुळे स्टार्च कमी बनते आणि साखर जास्त उरते. साखर जास्त, म्हणून परासरणाने पाणीही जास्त आत येते. दाणा कोवळा असताना टपोरा फुगतो आणि वाळताना ते पाणी गेले की साल आक्रसून सुरकुतते. जनुकापासून दाण्याच्या आकारापर्यंतचा हा प्रवास कांद्याच्या त्याच पापुद्र्यावरून जातो. डीएनएची रचना, १९५३ चा शोध, रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रे आणि जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल १९६८ चे नोबेल पारितोषिक वाटून घेणारे हरगोविंद खुराना हे सगळे त्या प्रकरणात सविस्तर आहे. वाचताना वाटाण्याचा हा धागा हातात ठेवा.

शरीरसंस्थांची ओळख बहुतेकांना आधीच असते, म्हणून त्या प्रकरणांत मी अवयवांची वर्णने आटोपशीर ठेवली आहेत आणि शरीर आपला तोल कसा सांभाळते यावर भर दिला आहे. एकच उदाहरण देतो. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी वाहून जाते आणि नुसते पाणी पाजून ते भरून येत नाही. पण आतड्याच्या पेशींच्या पटलावर एक वाहक प्रथिन आहे, ते ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्रच आत घेते, आणि ते दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागून जाते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच ज्ञानाच्या आधारे मीठ, साखर आणि खायचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज घरोघरी माहीत असलेल्या जलसंजीवनीच्या पुडीमागे पेशीच्या पटलावरचे ते एक प्रथिन आहे.

सजीव एकमेकांशी कसे बांधलेले असतात, ते पाहायला भुईमुगाचे किंवा तुरीचे हिरवे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ ब्लेडने कापा. ती चांगली काम करत असेल तर आतून गुलाबी-लाल दिसते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातलगाचा. गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि ते हवेतले नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हवेत नत्र ७८ टक्के असले, तरी झाडाला ते थेट घेता येत नाही. जिवाणूंचे हे काम करणारे विकर ऑक्सिजनने नासते आणि जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर लागतोच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते, म्हणून दोन्ही साधते. त्याच्या बदल्यात रोप जिवाणूंना साखर देते. ज्वारीनंतर हरभरा, कपाशीत तूर, ही पिकांची फेरपालट आणि मिश्रपिके शेतकऱ्यांनी अनुभवातून बसवली. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळण्याची बीजप्रक्रिया आज केली जाते ती याच गाठीसाठी. नत्राची तीच चणचण कासच्या पठारावर निराळ्या तऱ्हेने सुटलेली दिसते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या सड्यावर खडकावरचा मातीचा थर पातळ आणि पोषणात गरीब आहे. तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवे ही चिमुकली झाडे कीटक आणि पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपले नत्र मिळवतात.

परिसंस्थेच्या प्रकरणांचा पाया दोन गोष्टींवर आहे. पदार्थ फिरत राहतात आणि ऊर्जा एकाच दिशेने वाहून संपते. १९३५ मध्ये आर्थर टान्स्ले यांनी सजीव आणि त्यांचे निर्जीव परिसर यांचा मिळून एकच अभ्यास व्हावा, असे मांडले. १९४२ मध्ये रेमंड लिंडेमन यांनी मिनेसोटातल्या एका तळ्यात ऊर्जेचा हिशोब मांडून दाखवला. एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर ढोबळमानाने दहावा हिस्साच पोचतो. गवतात १०,००० एकक ऊर्जा असेल, तर चितळांच्या शरीरात १,००० आणि वाघाच्या वाट्याला १००. बाकीची श्वसनात उष्णता होऊन जाते किंवा विघटकांकडे जाते. वाघ नेहमीच थोडे का असतात आणि प्रत्येक वाघाला एवढे मोठे जंगल का लागते, याचे उत्तर इथे आहे. वाघ वाचवायचा तर आधी गवत वाचवावे लागते, हे वाक्य भावनेचे वाटले तरी हिशोबाचे आहे.

या सगळ्या पायऱ्या एकत्र आलेल्या पाहायच्या असतील, तर गिधाडांकडे पाहावे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होताना दिसली. हळूहळू देशभर तेच चित्र दिसले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी संशय साथीच्या रोगाचा होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या अभ्यासातून खरे कारण दाखवले. मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर होते, म्हणजे मूत्रपिंडे बंद पडली होती. आणि त्यांत डायक्लोफेनॅक सापडले. जनावरांना ताप आणि सूज यांवर सर्रास दिले जाणारे हे वेदनाशामक औषध. गाईगुरांना ते सोसते. पण औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेले, की त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी मरतात.

इथून एकेक पायरी वर चढा. एका मृत जनावरावर डझनांनी गिधाडे जमतात. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असली, तरी सगळी जात कोसळू शकते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. ज्या पक्ष्याला फारसे शत्रू नाहीत त्याच्या वंशाला हा संथपणा लाखो वर्षे मानवला, पण अशा आघातातून उभे राहायला तो अपुरा पडला. गिधाडे गेली, तेव्हा गावाबाहेर मेलेली जनावरे कुजत पडू लागली आणि त्यांवर भटकी कुत्री वाढली. मुंबईच्या दोखम्यांत मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याची पारसी समाजाची शतकांची अंत्यविधीची रीत अडचणीत आली. पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावरांना उपयोगी आणि गिधाडांना निर्धोक ठरल्याने पर्याय हाती होता. एका रेणूची ही गोष्ट समजायला रसायन, पेशी, मूत्रपिंड, प्रजनन, अन्नजाळे आणि माणसांचे व्यवहार हे सारे एकत्र पाहावे लागले. यातली कोणतीही एक पायरी गाळली असती, तर कारण सापडले नसते.

म्हणूनच हा विषय फक्त डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी नाही. शेतात किती पाणी द्यायचे, प्रतिजैविकांचा डोस अर्ध्यावर सोडायचा का, डोंगरावरचा सडा पडीक म्हणून खोदायचा का, हे निर्णय तुमच्यातले शेतकरी, आईवडील, सरपंच आणि मतदार घेणार आहेत. ते घेताना तुम्ही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाऊ शकावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. पारिभाषिक शब्द शक्यतो राज्याच्या पाठ्यपुस्तकांतलेच ठेवले आहेत. प्रयोग निवडताना बाजारात, स्वयंपाकघरात किंवा शेतात मिळेल तेच साहित्य घेतले आहे. सूक्ष्मदर्शक मात्र शाळेचा लागेल, आणि शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे, की तो कपाटातून बाहेर काढावा आणि मुलांच्या हाती द्यावा. एखादी काच फुटली तर फुटू द्यावी. विद्यार्थ्यांनी एक वही वेगळी ठेवावी, तिच्यात जे दिसले ते आधी काढावे, मोजावे आणि मगच पुस्तकातली आकृती पाहावी. आपली आकृती पुस्तकाशी जुळली नाही, तर ती खोडू नये. फरक का पडला, हा प्रश्न शिक्षकांना विचारावा.

शेवटी एक परीक्षा. पुस्तक पुरे झाल्यावर तुमच्या जवळच्या अशा नदीवर, तलावावर किंवा बंधाऱ्यावर जा, जिथे पाणी जलपर्णीने झाकलेले आहे. दुर्दैवाने असे ठिकाण शोधायला फार फिरावे लागणार नाही. मग वहीत एक पान लिहा. ही वनस्पती इतक्या वेगाने वाढली, तिला नत्र आणि स्फुरद कुठून मिळाले? तिच्या पानाखालच्या पाण्यात उजेड पोचत नाही, तेव्हा तिथल्या शेवाळाच्या हरितलवकांचे काय होते? ती कुजू लागली की पाण्यातला ऑक्सिजन कोण संपवते आणि मग माशांच्या कल्ल्यांतल्या पेशींवर कोणती वेळ येते? त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या माणसाच्या कमाईचे पुढे काय होते? आणि दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती तिथे काबूत राहते, तर इथे का राहत नाही? याचे तयार उत्तर या पुस्तकात कुठेही छापलेले नाही. ते पान तुम्हाला स्वतःच्या शब्दांत लिहिता आले, तर हे पुस्तक लिहिण्याचा हेतू सफल झाला असे मी मानेन. नाही आले, तर जिथे अडलात ती पायरी शोधा, त्या प्रकरणाकडे परत या आणि पुन्हा पाण्यावर जा.